लिव्हरला हात न लावता

२ मार्च, सोमवार

दुकानाची ऑर्डरवही अर्धी कोरी राहिली होती. तीस वर्षं तिच्यात लोकांची कपाटं, पलंग, खिडक्या लिहिल्या. उरलेल्या पानांवर आता स्वतःचं लिहितो. चांगला जाड कागद आहे, वाया कशाला घालवायचा?

सुतारकाम मी वर्षापूर्वी बंद केलं. का बंद केलं, असं जो तो विचारतो. लाकूड चांगलं येत नाही, हे कारण. ओलं लाकूड माथी मारतात, मग सांधे हलतात आणि बोलणी खातो सुतार. शेवटच्या कपाटाची दारं परत आली ती त्यापायीच. असो.

आता जमीन सपाट करून द्यायची. छोटा ट्रॅक्टर घेतला त्याला महिना झाला. शेतात चालतो तसला धिप्पाड नव्हे. घराच्या फाटकातून आत शिरतो आणि अंगणात वळतो. मोठी यंत्रं जिथे मावत नाहीत तिथे आपण जायचं. आणि सपाट म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणण्यात माझी हयात गेली.

पहिलं काम आजच पक्कं झालं. पलीकडच्या गल्लीतल्या शाळेचं मैदान. नवी इमारत बांधताना ट्रकनी त्याची पार वाट लावली आहे, चाकोऱ्या घोट्याएवढ्या खोल. मुलं सहा महिने व्हरांड्यात खेळतायत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तेवीस तारखेला आमच्या स्पर्धा आहेत. होईल ना?" मी म्हटलं, "बाई, त्याच्या आधी दोनदा होईल."

संध्याकाळी लेकीचा फोन. तिच्या गावी तिने आमच्यासाठी तळमजल्यावरची खोली रंगवून तयार ठेवली आहे, हे तिने चौथ्यांदा सांगितलं. मी म्हटलं, आम्ही काय म्हातारे झालो? शेवटी तिने अट घातली. "बाबा, एकवीसला मी येते. मैदान तुम्ही स्वतः, एकट्याने, नीट करून दाखवा. जमलं तर पुन्हा त्या खोलीचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर ट्रॅक्टर विकायचा आणि दोघांनी माझ्याकडे यायचं." मी म्हटलं, ठरलं! शब्द म्हणजे शब्द.

ही शेजारीच कापड बेतत बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मला विचारायचं होतंत. माझ्या शिवणाच्या क्लासला आठ मुली येतात."

"अगं, आपण कुठे जातोय?" मी म्हटलं. "काम तर माझ्या डाव्या हातचा मळ आहे."

ती पुन्हा कापड बेतायला लागली.

५ मार्च, गुरुवार

सुरुवात झाली. ट्रॅक्टरबरोबर मागे लावायचं आडवं पातं मिळालं होतं, तेच जोडलं. ट्रॅक्टर पुढे चालतो, पातं मागून माती खरवडत येतं. ते किती खोल जावं ते उजव्या हाताशी असलेल्या लिव्हरने ठरवायचं. लिव्हर दाबली की पातं खाली, उचलली की वर. सोपं आहे.

सोपं असायला हवं. पुढचं चाक उंचवट्यावर चढतं तेव्हा मागचं पातं जमिनीत घुसतं. चाक उतरलं की पातं हवेत. मग लिव्हर उचला, दाबा, उचला, दाबा. दुपारपर्यंत चाकोऱ्या बुजल्या खऱ्या, पण सगळं मैदान पन्हळी पत्र्यासारखं नागमोडी झालं. लाटाच लाटा. लाटा काढायला पुन्हा फिरलो तर त्या आणखी मोठ्या झाल्या!

लिव्हर फार हलकी आहे. नुसता हात ठेवला तरी उडते. अवजारवाल्याला झापतो उद्या.

६ मार्च, शुक्रवार

झापलं. त्याने लिव्हर दहादा वर-खाली करून पाहिली. म्हणे, "काका, घट्ट आहे की. याहून घट्ट केली तर दोन्ही हात लावावे लागतील." विकण्याआधी गोड बोलतात आणि विकल्यावर असं.

८ मार्च, रविवार

सुट्टी. हिने आज माझ्या चारही शर्टांची बटणं उसवून टिचबटणं लावली. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाली, हल्ली हीच फॅशन आहे. त्रेसष्टाव्या वर्षी मी फॅशन करणार! पण घालून बघितला. चट्कन लागतात, कबूल करायला हवं. सकाळची दहा मिनिटं वाचतील.

चहा मात्र ही हल्ली अर्धा कपच देते. मग मागितला की पुन्हा अर्धा. मी म्हटलं, एकदाच भरून दे ना, एवढी काटकसर कशाला? तर म्हणे, गरम राहतो. बायकांचं गणित बायकांनाच ठाऊक.

९ मार्च, सोमवार

आज फजिती झाली. लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

तीन दिवस पातं फिरवून मी मैदान तयार झाल्याचं जाहीर केलं होतं. माझी दोरी लावून बघितली होती, उतार अगदी हवा तसा, पाणी गटाराकडे जाईल असा. खेळाचे सर फक्कीची गाडी घेऊन आले. चाकं असलेली पत्र्याची पेटी, ढकलत नेली की मागे पांढरी रेघ पडते. सरांनी ती शंभर पावलं सरळ ढकलली. मागे वळून बघतो तर रेघ कुठे आहे, कुठे नाही! गाडी लाटेवरून उडाली की फक्की पडत नाही, खाली आपटली की ढीग पडतो. वरच्या मजल्यावरून मुलं बघत होती, ती खो खो हसली.

सर म्हणाले, "यावर धावणारं पोर तोंडावर आपटेल हो."

मुख्याध्यापिका चांगल्या आहेत. म्हणाल्या, "वीस तारखेपर्यंत बघू. नाहीतर आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल." हे त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला ओरडल्या असत्या तर बरं, असं वाटलं.

लाटा अवजारामुळे आहेत. हलक्या पात्याला दोष. वजनदार अवजार हवं.

११ मार्च, बुधवार

अवजारवाल्याच्या आवारात दोन तास. हा चाळिशीचा माणूस, बोलतो फार, पण माल दाखवतो. मी दातांची पेटी भाड्याने घेतली. तीन बाजूंनी बंद अशी लोखंडी पेटी, पुढे ओळीने खाली वळलेले दात, मागे धारदार पट्टी. दात कडक माती फोडतात, पट्टी ती तासते, पेटी ती धरून ठेवते आणि खड्डा आला की तिथे सोडते. ट्रॅक्टरशी जोडणारा वरचा दांडा आखूड केला की पेटी पुढे झुकते आणि दात जास्त रुततात, लांब केला की मागची कड माती गुळगुळीत करते. डोक्याचं अवजार आहे. मला आवडलं. याला कारागीर लागतो.

कोपऱ्यात शिडी आडवी टाकावी तसा एक लांबलचक सांगाडा पडला होता. तो दाखवायला लागला, तर मी म्हटलं, ते कबाड राहू दे.

१३ मार्च, शुक्रवार

पेटीने उंचवटे लोण्यासारखे कापले. दोन दिवसांत दोनशे पाट्यांची माती इकडची तिकडे केली, एक मजूर न लावता. खेळाचे सर स्वतः येऊन म्हणाले, आता दिसतंय मैदान. म्हटलं, बघताय काय!

पण शेवटचा हात फिरवायला लागलो आणि पुन्हा लाटा. बारीक, पण लाटाच. आता मात्र अवजार जड होतं, लिव्हर घट्ट होती. काय बिनसतंय कळत नाही. उजवा हात दमतो थोडा. ट्रॅक्टर दिवसभर हादरतो, कोणाचाही दमेल.

घरी आलो तो डोकं तापलेलंच. ही विचारत होती काय झालं, कसं झालं, लिव्हर सारखी हलवावी लागते का. मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं, सुईदोरा सांभाळ. नको म्हणायला हवं होतं. तिने ताट वाढलं आणि आतल्या खोलीत जाऊन मशीन चालवत बसली. मशीनचा आवाज तासभर थांबला नाही.

आज पहिल्यांदा मनात आलं की जमलं नाही तर? लेकीची ती रंगवलेली खोली डोळ्यापुढे आली. तिथे सकाळी उठून मी करणार काय? पेपर वाचणार, आणि दुसऱ्याच्या घरातल्या दारांच्या फटी मोजणार.

१४ मार्च, शनिवार

ही सकाळीच चपला घालून तयार. "मी येते अवजारवाल्याकडे."

"कशाला?"

"बघायला. आठ मुलींना आज सुट्टी दिली आहे."

आवारात ती सरळ त्या कबाड सांगाड्यापाशी गेली. म्हणाली, हे काय? अवजारवाल्याला तेवढंच हवं होतं. दोन लांब लोखंडी पट्ट्या, जमिनीवरून घसरत जाणाऱ्या, आणि त्यांच्या मधे आडवी दोन पाती. उंचवटा आला की पाती तो तासतात, माती सोबत घेतात, खळगा आला की आपोआप त्यात सांडतात.

"काकू, हे जमिनीवर टेकवायचं आणि ओढायचं. बस!"

"म्हणजे लिव्हर सारखी वर-खाली करावी लागत नाही?"

"हातच लावायचा नाही. हात मांडीवर ठेवून बसा."

"हेच हवंय," ही म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, मग त्यात माणसाचं काम काय उरलं? गाढव बसवलं तरी चालेल."

"गाढवाला स्टिअरिंग धरता येत नाही," ही म्हणाली. "म्हणून तुम्ही."

अवजारवाला इतका हसला की त्याची बिडी पडली. मी चिडलो होतो, पण ती पट्टी हाताने चाचपून बघितली आणि माझ्या लक्षात आलं. हा तर लांब रंधा! आखूड रंध्याने फळी तासली तर तो खळग्यात उतरतो आणि खळगा आणखी खोल करतो. लांब रंधा खळग्यावरून पार जातो, फक्त उंचवटे तासतो. तीस वर्षं मी शिकाऊ पोरांना हेच ओरडून सांगत होतो. खरं तर हे माझ्या मनात सुरुवातीपासूनच होतं, फक्त त्या शिडीकडे नीट बघितलं नव्हतं.

हिला म्हटलं, बघ, कसं शोधून काढलं. ती म्हणाली, हो ना. आणि रिक्षात माझा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. लोक बघत होते. या वयात!

१६ मार्च, सोमवार

वा! वा! वा!

पेटीने उंचवटे कापायचे, सांगाड्याने शेवटचा हात फिरवायचा. उभा फिरलो, आडवा फिरलो, मग कोपऱ्यातून कोपऱ्यात. लिव्हर एकदाच दाबली. हात मांडीवर. लाटा एकेक करून विरघळल्या. मागे वळून बघायचा मोह आवरत नव्हता, दोनदा कुंपणात जाता जाता राहिलो.

मी नेहमी म्हणत आलोय, योग्य हत्यार निवडणं म्हणजे अर्धं काम.

१८ मार्च, बुधवार

दहा फुटी पट्टी मैदानावर बावीस ठिकाणी टेकवली. खाली कुठेही बोट शिरलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

मुख्याध्यापिका अनवाणी मैदानभर चालून आल्या. म्हणाल्या, "काका, मान गए." एवढं ऐकायला दोन आठवडे धूळ खाल्ली होती.

एक कोपरा राहिलाय. मुलांच्या पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत तिथे. सहा नळांचा ओटा आणि त्याच्यामागे भिंत. सांगाडा लांब, तिथे वळत नाही. पेटीही रुंद पडते. तिथे पहिलं पातंच लावावं लागेल, मागे मागे घेत, लिव्हरवर हात ठेवून. नळाची पाइप जेमतेम वीतभर खोल आहे. उद्या सकाळी दहा मिनिटांचं काम. लेकीच्या समोरच उरकतो, तिचीही खात्री पटेल.

झोप लागत नाही, म्हणून एवढं लिहिलं. उत्साहामुळे असेल.

२१ मार्च, शनिवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

लेक सकाळच्या गाडीने आली. बॅग घरी टाकून तिघं शाळेत गेलो. ती मैदानभर फिरली, वाकून माती बघितली, म्हणाली, "बाबा, हे तुम्ही केलंत?" मी म्हटलं, मग काय शेजाऱ्यांनी? ही तिच्या मागे उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मग मी पातं जोडलं आणि कोपऱ्याकडे मागे घेतला ट्रॅक्टर. शनिवारची अर्धी शाळा, मुलं सुटली होती. चार-पाच मुली नळावर बाटल्या भरत होत्या. सर त्यांना बाजूला घेत होते. मी लिव्हरवर हात ठेवला.

लिव्हर खडखडायला लागली. पातं वर-खाली, वर-खाली, इवलं इवलं, जमिनीवर आपटत. मी लिव्हरकडे बघितलं. लिव्हर घट्ट होती, परवाच तपासली होती. हात हलत होता.

मी हात उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. इंजिन बंद केलं, म्हटलं हादऱ्याने असेल. इंजिन बंद झालं, ट्रॅक्टर गप्प झाला, हात गप्प झाला नाही. त्याच्याकडे मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. सर म्हणाले, "काका, मुली लांब गेल्या, या आता मागे."

आलो असतो. खरंच आलो असतो. आजवर मी कुठलं काम अर्ध्यावर सोडलेलं नाही. पण त्या मुलींपैकी एक बाटली विसरली होती, ती धावत परत आली, ओट्यावरून उचलून घेऊन गेली. एवढंसं पोर. पातं ज्या जागी पडणार होतं तिथून गेली.

मी खाली उतरलो. लेकीसमोर जाऊन म्हटलं, "या कोपऱ्यात लिव्हर धरावी लागते. माझा हात थरथरतो. मी हे करणार नाही."

मग मीच म्हटलं, "अट मी हरलो. एकट्याने करायचं होतं, नाही जमलं. ट्रॅक्टर विकू. तुझी खोली कुठल्या रंगाची आहे ते तरी सांग."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बाप हरला म्हणून. ती म्हणाली, "बाबा, मैदानाची काळजी मला कधीच नव्हती. तुम्ही कुठे थांबणार याची होती. भिंत पडेपर्यंत थांबणार नाही असं वाटायचं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"फोनवर आई दुसरं काय बोलते?"

मी हिच्याकडे वळलो. राग आला होता, खोटं कशाला सांगू? म्हटलं, "मग इतके दिवस घरात हे काय नाटक चाललं होतं?"

"तुमचंच चाललं होतं," ही म्हणाली. "आम्ही तिकीट काढून बघत होतो."

सर तोंड फिरवून हसले. मग मलाही आवरेना. हसता हसता माझेही डोळे भरले, ते कोणाला दिसले असतील तर दिसोत.

कोपरा आम्ही हातांनी केला. लेकीने फावडं घेतलं, सरांनी कुदळ, हिने पदर खोचून घमेली उचलली. मी दोरी ताणून खुंट्या सांगत होतो. इथे अजून दोन बोटं! तिथे नको, तिथे पाइप आहे! अगं, फावडं आहे ते, पळी नाही! तासाभरात झालं. लेक म्हणाली, बाबा, तुमच्या हाताखाली काम करणाऱ्यांची मला दया येते.

मग सरांनी फक्कीची गाडी आणली. नळापासून पार समोरच्या कुंपणापर्यंत एक रेघ. कुठे तुटली नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मागच्या बागेचंही बघाल का सुट्टीत? मी लेकीकडे बघितलं. अट तिची होती.

"सांगाड्याने होईल तेवढं करा," लेक म्हणाली. "लिव्हरचं काम आलं की दुसरा माणूस. आणि सोमवारी डॉक्टर. मी थांबतेय तोवर."

"आणि ती खोली?"

"भाड्याने देते," लेक म्हणाली. हिने मोठ्ठा श्वास सोडला आणि आठ मुलींना उद्या यायला सांगते म्हणून फोन शोधायला लागली. रविवारी क्लास! मी म्हटलं, उद्या सुट्टी आहे. तर म्हणे, तीन आठवडे क्लासात माझं लक्षच नव्हतं, ते भरून काढते.

२३ मार्च, सोमवार

सकाळी शाळेवरून गेलो. स्पर्धा सुरू होत्या. सत्तर-ऐंशी मुलं धावत होती, कोणी आपटलं नाही. थांबून तीन शर्यती बघितल्या आणि उशीर झाला म्हणून दोघींची बोलणी खाल्ली.

डॉक्टर तरुण आहे, पण घाई करत नाही. हात पुढे करायला लावले, बोटाने नाकाला शिवायला लावलं, कागदावर गोल काढायला लावला. माझा गोल बघून मीच म्हटलं, हा तर बटाटा आहे. तो म्हणाला, औषधं आहेत, व्यायाम आहे, बराच काळ नीट चालेल. ट्रॅक्टरबद्दल मी स्वतःहून सांगितलं, कोणता भाग करतो आणि कोणता सोडला ते. त्याने सगळं लिहून घेतलं.

मग त्याने विचारलं, "हे कधीपासून आहे?"

मी म्हटलं, "वर्ष झालं असेल. दुकान बंद केलं तेव्हापासून."

ही शेजारच्या खुर्चीवर बसली होती. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी डॉक्टरांना म्हटलं, "तीन लिहा."